समुद्रातलं जाळं, मामा तलावातली पोट्टी: रिसायकल्ड कॉस्च्युम आणि लोअर घेताना, शिवताना, धुताना

मार्च संपता संपता आमच्या गावातली एक पोट्टी मोबाइल घेऊन दुकानात आली. स्क्रीनवर निळ्याशार पाण्यात उभी असलेली एक बाई आणि खाली ओळ, की हा स्विमसूट समुद्रातल्या कचऱ्यापासून बनवला आहे. "काकू, घेऊ का हा? महाग आहे, पण समुद्र साफ होते म्हणते."

भंडारा जिल्ह्यात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. शाळेचे गणवेश, झंपर, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींचे लोअर, म्हणजे ट्रॅक पँट, आणि अलीकडे मामा तलावावर (माजी मालगुजारी तलाव, त्याचंच छोटं नाव) पोहायला शिकणाऱ्या मुलींचे कॉस्च्युम शिवते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण त्याचा आपल्याशी संबंध नाही असं मात्र म्हणता येत नाही. आमच्या नाल्यातली पन्नी पावसाळ्यात वैनगंगेत जाते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णेचं पाणी तापीत पडतं, ते सुरतेवरून अरबी समुद्रात. आणि सुरतेहूनच आपल्या बाजारात पॉलिएस्टरचे तागे येतात! म्हणजे कचरा एका वाटेनं जातो, कापड त्याच वाटेनं परत येतं.

त्या पोरीला मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. तिला जे दाखवलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

कचरा नेमका कुठला, ते आधी विचारा

"समुद्राचा कचरा" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी. समुद्रात सुटलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतं. प्रशांत महासागरातल्या कचऱ्याच्या मोठ्या पट्ट्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने ४६ टक्के कचरा जाळ्यांचाच निघाला. या जाळ्यांपासून धागा करणारं सगळ्यात माहितीतलं नाव म्हणजे 'इकोनिल'. इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीने ते २०११ मध्ये आणलं, कारखाना स्लोव्हेनियात. जाळी धुऊन, शिसं-लोखंड काढून, रासायनिक प्रक्रियेने तिचं पुन्हा मूळ द्रव्य करतात. त्याला कॅप्रोलॅक्टम म्हणतात. त्यापासून नव्याने नायलॉन ६ बनवतात. म्हणून हा धागा नव्या नायलॉनइतकाच दमदार असतो. पण एक बारीक गोष्ट जाहिरातीत मागे राहते, की या धाग्यात जाळ्यांबरोबर जुन्या कार्पेटचं नायलॉन आणि कारखान्यातला टाकाऊ मालही असतो. सगळा माल समुद्रातून उपसलेला नसतो.

दुसरी, प्रत्यक्ष समुद्रातून काढलेलं प्लॅस्टिक. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने ते कुजकं झालेलं असतं, म्हणून त्याचा एकट्याचा चांगला धागा होत नाही. 'सीक्वल' नावाचा जो पॉलिएस्टर धागा आहे, त्यात समुद्री प्लॅस्टिक साधारण १० टक्के, बाकी जमिनीवरच्या बाटल्या. हिशेब करून बघा. कॉस्च्युम १५० ग्रॅमचा, त्यात असा धागा ८० टक्के म्हणजे १२० ग्रॅम, आणि त्यात समुद्राचा वाटा १२ ग्रॅम. पाण्याची एक लिटरची बाटली २०-२५ ग्रॅम भरते. म्हणजे अर्धी बाटली. वाईट नाही, पण अख्खा समुद्र साफ होत नाही एवढं लक्षात ठेवा.

तिसरी 'ओशन-बाउंड', म्हणजे समुद्राकडे जाण्याच्या वाटेवरचं प्लॅस्टिक. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत उघड्यावर पडलेला कचरा साधारणपणे यात धरतात. हे प्लॅस्टिक समुद्रात पडलेलंच नसतं. हे काम चांगलंच आहे, फक्त शब्द नीट वाचायचे.

आणि बाजारात जे सगळ्यात जास्त मिळतं, ते या तिन्हींत बसत नाही. ते असतं साध्या बाटल्यांचं पॉलिएस्टर, ज्याला आरपेट म्हणतात. ८ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधान संसदेत जे निळं जाकीट घालून गेले होते, ते याच जातीचं. रोजच्या लोअरला, टी-शर्टला ते पुरेसं आहे. त्याला समुद्राचं नाव लावून दुप्पट भाव मागितला, तर मात्र हात आखडता घ्या.

लेबल वाचायची रीत

कपडा उलटा करा. आत शिवलेली पट्टी बघा, बाहेर लटकणारा पुठ्ठा नाही. पुठ्ठ्यावर लाटा, कासव, डॉल्फिन काहीही छापता येतं. पट्टीवर टक्के असतात. चांगल्या पोहण्याच्या कपड्यावर "७८ टक्के रिसायकल्ड पॉलिअमाइड, २२ टक्के इलास्टेन" असं काहीतरी लिहिलेलं असतं. पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच. इलास्टेन म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो ते. इलास्टेन बहुतेक वेळा नवंच असतं, म्हणून "शंभर टक्के रिसायकल्ड" लिहिलेला ताणणारा कपडा दिसला की शंका घ्या.

मग प्रमाणपत्र. 'ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड', म्हणजे जीआरएस, ही खूण वस्तूवर लावायला किमान ५० टक्के रिसायकल्ड माल लागतो. 'रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड' याला ५ टक्केही चालतात. खुणेच्या बाजूला तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर हवा. 'ओएको-टेक्स' ही खूणही दिसेल, पण तिचा अर्थ वेगळा आहे. कापडात घातक रसायनं तपासलेली आहेत, एवढंच ती सांगते. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यासाठी ती कामाची, रिसायकलचा पुरावा म्हणून नाही.

हे मी शहाणपणाने शिकले असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पाच मीटर "रिसायकल्ड ओशन नायलॉन" मागवलं. आलं तेव्हा चमक छान होती. पट्टी नाही, कागद नाही. प्रमाणपत्र मागितलं तर त्याने डॉल्फिनचा फोटो पाठवला. त्या कापडाचे चार कॉस्च्युम एका उन्हाळ्यात बुडाशी पिशवीसारखे लोंबले, आणि चारही मुलींना मला दुसरे शिवून द्यावे लागले.

काडी लावून बघतात, तेही ऐका. जळणाऱ्या धाग्यावरून कापूस की कृत्रिम धागा, एवढं नक्की कळतं. कापूस राख होतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. पण नवं की रिसायकल्ड, हे कुठल्याही घरगुती परीक्षेने कळत नाही. तिथे कागदच लागतो. खोट्या हरित दाव्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. नुसतं "इको-फ्रेंडली" म्हणून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कापड हातात घेतल्यावर

आधी ठरवा, पाण्यासाठी की पळण्यासाठी.

पाण्यासाठी नायलॉन-लायक्रा, फोर-वे, म्हणजे आडवं-उभं दोन्हीकडे ताणणारं. वजन १८० ते २२० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. घडीवर १० सेंटिमीटरच्या दोन खुणा करा आणि ओढा. १५ सेंटिमीटरपर्यंत विनासायास जायला हवं. तसंच दहा मोजेपर्यंत धरा, सोडा, पुन्हा मोजा. ११ वर थांबलं तर दुकानातच ठेवून या. मग ते ताणून ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडची बोटं दिसली तर ओलं झाल्यावर त्याहून जास्त दिसेल. फिकट रंग असेल तर दुकानदाराला विचारून कोपरा ओला करून बघा. तो कुरकुर करतो, करू द्या.

रोज तलावावर किंवा क्लोरीनच्या टँकवर जाणाऱ्या मुलीला लायक्रापेक्षा पॉलिएस्टर-पीबीटीचं (पीबीटी हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार) कापड जास्त टिकतं. ते कमी मऊ आणि कमी ताणणारं असतं, पण क्लोरीनला पुरून उरतं.

पळण्यासाठी गणित वेगळं. नायलॉन आपल्या वजनाच्या साधारण ४ टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही, कापूस ८ च्या आसपास. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण घामाचा वासही धरून ठेवतं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. तयारी पहाटेची असते. पहाटे पाचला रिसायकल्ड पॉलिएस्टरचा लोअर उत्तम. मात्र मे महिन्यात सकाळी नऊनंतर आमच्याकडच्या उन्हात घट्ट नायलॉनची लेगिंग घालून पळणं म्हणजे अंगाला शेक देणं आहे. तिथे मी सरळ सैल सुती कपडा सांगते. कापसाच्या मुलखात राहून कापसाला नावं ठेवायची नाहीत. पण पाण्यात मात्र तो नको. ओली सुती सलवार-कमीज विहिरीत पोरीला खाली ओढते, आणि ओढणी तर कधीच नको.

रंग: इथे जाहिरातीचं ऐकू नका

समुद्राचं नाव लावलेले बहुतेक कपडे निळे, करडे किंवा समुद्रहिरवे असतात. दिसायला छान. पण आमच्या मामा तलावाचं पाणी हिरवट, गढूळ. त्यात निळा किंवा राखाडी कॉस्च्युम घातलेलं पोर हातभर खाली गेलं की दिसेनासं होतं. भडक केशरी, पोपटी पिवळा, गुलाबी असे चमकते रंग जास्त वेळ दिसतात. माझ्या दुकानात मुलांचा निळा कॉस्च्युम शिवून मिळत नाही. आया रागावतात. एकदा मी एका आईला दोन चिंध्या दिल्या, एक निळी, एक केशरी, आणि दगड बांधून तलावाच्या काठाशी सोडायला लावल्या. ती परत आली ती केशरी सांगूनच.

शिवायचं असेल तर

तयार कपडा महाग पडतो आणि गावातल्या मुलींना मापात मिळतही नाही. मुलींना अंग झाकलेलं हवं असतं, कोपरापर्यंत बाही आणि गुडघ्यापर्यंत पाय. तसा तयार माल मिळाला तर माप मोठ्या बाईचं. म्हणून शिवणं बरं. चार-पाच घरांनी मिळून कापड मागवलं तर प्रमाणपत्र असलेला माल घेणं परवडतं, आणि विक्रेता तेव्हा कागदही देतो.

माप अंगाला चिकटून घ्या आणि आडव्या मापात साधारण १० टक्के कमी करा. छाती ३० इंच असेल तर कपडा २७ इंचाचा. पाण्यात कापड थोडं सैल होतं, अंगाबरोबर शिवलं तर पाणी भरतं. उभ्या मापात एवढं कमी करू नका, खांदे ओढतात. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: पहिल्यांदा शिवणाऱ्या बाया सगळीकडून सारखं कमी करतात आणि मग पोरगी वाकली की पाठ उघडी पडते.

जास्त ताण आडवा आहे की उभा, ते बघून तो अंगाभोवती जाईल असं कापा. कापड टेबलावर मोकळं पसरा, लोंबू देऊ नका, वजनाने ताणलं जातं. टाचणीऐवजी कपड्याचे चिमटे लावा, टाचणीने भोक राहतं.

सुई ११ नंबरची बॉलपॉइंट. साध्या टोकदार सुईने लायक्राचा धागा तुटतो. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, महिन्याभराने शिवणीजवळ बारीक भोकांची रांग उमटते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ताणला की तुटतो आणि पाण्यात कुजतो. टाका झिगझॅग. काळी, फक्त सरळ टाका मारणारी मशीन असेल तर कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी हलकं ताणून धरा, एकापाठोपाठ दोन शिवणी मारा आणि मग ती शिवण बोटांनी ओढून बघा. दोरा तटतटला तर उसवा. तालुक्याला इंटरलॉक मशीनवाला असेल तर कडा त्याच्याकडून करून आणा.

गळा आणि पायाच्या घेराला साधं इलॅस्टिक घालू नका. क्लोरीनला टिकणारं, पोहण्याच्या कपड्याचं म्हणून मागा. घेराच्या मापापेक्षा ते १० टक्के कमी कापून, ताणत ताणत बसवा. पुढच्या भागाला आतून अस्तर द्या. अस्तरही ताणणारंच हवं. एकदा घाईत मी साध्या नेटचं अस्तर लावलं. वरचं कापड ताणलं, अस्तर तिथेच राहिलं, आणि पोरीला तलावावरून टॉवेल गुंडाळून घरी यावं लागलं.

धुणं: टीसीएल आणि ऊन

महागडा इटालियन धागाही आपल्याकडे दोन गोष्टींनी मरतो. एक टीसीएल, दुसरं ऊन.

ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत किंवा विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. ती टाकायलाच हवी, पावसाळ्यात तर नक्कीच. पण टीसीएलमध्ये क्लोरीन असतो, आणि क्लोरीन लायक्राला खातो. ज्या दिवशी नळाला उग्र वास येतो, त्या दिवशी कॉस्च्युम त्या पाण्यात धुवू नका, हातपंपाचं पाणी घ्या. टँकवर पोहायला जात असाल तर उतरण्याआधी कपडा साध्या पाण्याने चिंब करून घ्या. आधीच पाणी भरलेलं कापड क्लोरीनचं पाणी कमी ओढतं. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळा, घरी येईपर्यंत पिशवीत कोंबून ठेवू नका.

पोहण्याआधी अंगाला तेल चोपडायची आमच्याकडे सवय आहे. तेलाने लायक्रा आणि इलॅस्टिक दोन्ही ढिलं पडतं. डोक्याला लावा, अंगाला नको.

धुताना बादलीत कोमट नाही, गार पाणी, आणि चिमूटभर सौम्य पावडर. थापी मारायची नाही, ब्रश घासायचा नाही, पिळायचं नाही. जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून दाबा, पाणी निघतं. कम्फर्टसारखं सुगंधी पाणी भरतीच्या पोरांच्या टी-शर्टला घालू नका, धाग्यावर थर बसतो आणि घाम शोषला जात नाही. वास जात नसेल तर धुण्याआधी अर्धा तास पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाकून भिजवा.

वाळवायचं ते सावलीत. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. तशा उन्हात पत्र्यावर पसरलेल्या लायक्राचा जीव एका उन्हाळ्यात जातो. ओसरीतल्या दोरीवर, मधोमध घडी करून टाका. पट्ट्यांना चिमटा लावून लटकवलं तर ओल्या वजनाने पट्ट्या लांब होतात. इस्त्री तर नकोच. नायलॉन ६ साधारण २२० अंशाला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी चकाकी आणि ताण दोन्ही जातात.

आणि एक गोष्ट रिसायकल्ड कापड घेऊनही टळत नाही. धुताना त्यातूनही बारीक तंतू सुटतात, नव्या कापडासारखेच. पहिल्या चार-पाच धुण्यांत सगळ्यात जास्त. म्हणून नवा कपडा पहिल्या काही वेळा वेगळा, हलक्या हाताने धुवा. पाणी नालीत ओतताना जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळा. सगळे तंतू अडकत नाहीत, पण फडक्यावर जो मऊ करडा लेप राहतो, तो बघितलात की हे काम रोज कराल. तो लेप वाळवून कचऱ्याच्या पिशवीत टाका.

कपडा संपल्यावर

नायलॉनमध्ये लायक्रा मिसळलेली असली की ते कापड पुन्हा धाग्यात नेणं फार अवघड. जाळ्यापासून कॉस्च्युम होतो, पण त्या कॉस्च्युमचं सहसा काही परत होत नाही. तेव्हा तो जितका जास्त काळ अंगावर राहील तेवढा बरा. शिवण उसवली तर त्याच दिवशी टाका घाला, बुडाशी विरलं तर आतून त्याच कापडाचा तुकडा लावा. वाढत्या मुलीचा कपडा धाकटीला द्या.

चुलीत मात्र टाकू नका. नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघतो आणि तो स्वयंपाकघरातच राहतो.

मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांकडे जुन्या जाळ्यांचे ढीग पडलेले असतात. "काकू, याचेही कपडे होतात का वं?" असं एकाने विचारलं. होतात, पण सगळ्यांचे नाही. ओळखायची सोपी रीत आहे. जाळ्याचा बोटभर तुकडा कापा, साबणाच्या पाण्यात नीट चोळून आतली हवा काढा आणि बादलीत सोडा. तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, दोरखंडांत असतं ते. बुडाला तर बहुधा नायलॉन, आपलं तंगूस. आम्ही त्याच्या ओट्यावर सहा तुकडे सोडले, चार बुडाले, दोन वर राहिले. निदान वेगवेगळे ढीग करून, वाळवून पोत्यात भरून ठेवता येतात. पाऊस आला की तलावात परत जाण्यापेक्षा ते बरं.

माझ्याकडच्या त्या चार लोंबलेल्या कॉस्च्युमच्या मी बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. परसात दोडक्याचा आणि कारल्याचा वेल मांडवावर चढवताना त्या बांधते. सुतळी देठात रुतते, ही पट्टी वेलाबरोबर ताणत जाते.